दीड फुटी मोरी म्हातारी, दोन फुटी तान्ही: शार्कचं वय ओळखायचं कसं?

खारं_पाणी

मागच्या आठवड्यात इथेच कोणीतरी बाजारातून आणलेल्या दीड फुटी मोरीचा (मोरी किंवा मुशी म्हणजे आपल्याकडचा शार्क) फोटो टाकला आणि खाली रणकंदन माजलं. "पिल्लं कसली खाता, लाज नाही वाटत?" वगैरे. फोटोतलं ते पिल्लू नव्हतं. चांगली वयात आलेली मादी होती, एखाद-दोन बाळंतपणं झालेली असली तरी मला नवल वाटणार नाही. तिथे लिहिलं असतं तर भांडणात वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरला जी छोटी मुशी सगळ्यात जास्त लागते ती स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. जन्मते तेव्हा १२ ते १५ सेंटीमीटर. मादी साधारण ३३-३५ सेंटीमीटरची झाली की पिल्लं द्यायला तयार. पाऊण मीटरच्या पुढे ती जातच नाही म्हटलं तरी चालेल, आणि आयुष्य सगळं मिळून पाच-सहा वर्षांचं. आता तिच्या शेजारी, त्याच टोपलीत, ब्लॅकटिप शार्कचं पिल्लू ठेवा. ते जन्मतःच दोन फुटांच्या आसपास असतं. म्हणजे टोपलीतली मोठी दिसणारी तान्ही आणि छोटी दिसणारी तिची आजी शोभेल अशी. लांबीवरून वय सांगायचं तर आधी जात ओळखावी लागते, आणि जात ओळखल्यावरही पुढचं काम सोपं नाहीच.

बांगड्याचं, घोळीचं वय काढायचं तर कानातला खडा काढतात, त्यावर थर मोजतात. काही माशांचे खवलेही चालतात. शार्कच्या बाबतीत दोन्ही बाद. त्याच्या कानात मोजण्याजोगा खडा नाही, नुसती बारीक भुकटी. खवले म्हणाल तर ते दातांसारखे काटे आहेत. मासा वाढला की काटे वाढत नाहीत, नवे येतात. सांगाडा सगळा कूर्चेचा. उरतो मणका. कूर्चेचाच, पण त्यात कॅल्शियम साठत जातं आणि ते एकसारखं साठत नाही. गडद पट्टा, फिका पट्टा, पुन्हा गडद. एक गडद आणि एक फिका मिळून एक वर्ष, असं मानतात. हा "मानतात" लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच सगळी भांडणं आहेत.

मी वर्सोव्याला शिकत होते तेव्हाची पद्धत सांगते. पाठीवरच्या पहिल्या पंखाच्या खालचे मणके घ्यायचे, कारण ते सगळ्यात मोठे. मांस खरवडायचं, गरम पाण्यातून काढायचं, तरी चिकटून राहिलेला पडदा ब्लीचमध्ये थोडा वेळ ठेवून सोडवायचा. जास्त ठेवलं तर मणकाच विरघळायला लागतो. मग हिऱ्याच्या धारेच्या हळू फिरणाऱ्या करवतीने मधोमध उभा काप, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. काप हातात आला की अगदी डमरू. डमरूच्या बाहेरच्या कडेवर आतून बाहेर येताना एका जागी कोन किंचित बदलतो. ती जन्मखूण. तिथून पुढे मोजायचं. पट्टे पुसट असतील तर सिल्व्हर नायट्रेट, अॅलिझरिन असे रंग लावतात, किंवा एक्स-रे काढतात.

दोन जणांनी वेगवेगळं मोजायचं आणि मोजताना मासा केवढा होता हे दोघांनाही माहीत नसायला हवं. हा नियम फार महत्त्वाचा. लांबी माहीत असली की डोळ्यांना हवे तेवढे पट्टे दिसतात!

---

बोंबील_फ्राय

जबरी धागा. बाजारात उभं राहून ओळखायचं कसं तेवढं सांगा. मासेवालीला विचारलं तर ती "मुशी" म्हणते, पुढे काही नाही.

---

खारं_पाणी

@बोंबील_फ्राय, तीन गोष्टी बघा.

स्कोलिओडॉनचं तोंड वरून दाबल्यासारखं चपटं, फावड्याच्या पात्यासारखं असतं, छातीजवळचे पंख आखूड आणि रुंद. पाठीवरचा दुसरा, छोटा पंख पोटाखालच्या गुदपंखाच्या बराच मागे सुरू होतो. ब्लॅकटिप आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये हे दोन पंख जवळजवळ एकमेकांच्या वर-खाली येतात.

नर असेल तर मागच्या पंखांना जोडून दोन दांडके दिसतील. आखूड आणि लिबलिबीत असतील तर अजून लहान. लांब, आतून कडक आणि बोटाने सहज पुढे वळणारे असतील तर वयात आलेला.

तिसरी मला सगळ्यात आवडते. मासा उताणा करा आणि छातीच्या दोन पंखांच्या मध्ये बघा. या जातींत पिल्लू नाळेने आईला जोडलेलं असतं, त्यामुळे बेंबी असते. तान्ह्या पिल्लाला तिथे उघडी चीर दिसते, कडा लालसर. काही आठवड्यांत ती मिटते, मग फिकट रेघ राहते, पुढे तीही जाते. चीर उघडी असेल तर वय दिवस-आठवड्यांत मोजायचं, मणका कापायची गरज नाही.

---

दर्यावरचा

आमचो वाडो मालवणाक, घरात तीन पिढ्या होडी. (बाकीचं मराठीत लिहितो, नाहीतर अर्धे लोक पळतील.)

ताई, तुम्ही सांगताय ते चपट्या तोंडाच्या मोरीबद्दल बरोबर आहे. तिच्या पोटात पिल्लं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात सापडतात. सुरमईचं, बांगड्याचं कसं, हंगाम असतो. हिचं तसं काही नाही. एकीच्या पोटात दहा-बारासुद्धा पाहिलीत. ब्लॅकटिपसारख्या मोठ्या मोऱ्यांना मात्र सहसा इतकी नसतात.

बाकी कायव म्हणा, मोरीचा मटाण ता मोरीचा मटाण.

---

आकडेमोड

वाचतोय. एक शंका. मणके कापत बसण्यापेक्षा बंदरावर हजारो मुश्यांची लांबी मोजून आलेख काढला तर? लांबीचे उंचवटे दिसतील: या वर्षीची पिल्लं, गेल्या वर्षीची, त्याआधीची. महिन्यामागून महिने उंचवटा किती सरकला ते बघायचं, झाली वाढ. बाकी माशांचं तर असंच करतात ना?

---

खारं_पाणी

करतात, आणि मुशीचंही केलंय. वेरावळच्या मुशीवर १९९१ साली, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या मुशीवर १९९७ साली अभ्यास प्रसिद्ध झाले. स्वस्त पद्धत, मासा विकत घ्यावा लागत नाही, आणि उष्ण कटिबंधात तीच जास्त रूढ आहे.

पण @दर्यावरचा यांनी वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. वर्षभर जन्म होत असतील तर उंचवटे एकमेकांत मिसळतात. जानेवारीत जन्मलेली आणि ऑगस्टमध्ये जन्मलेली एकाच आलेखात, मग "या वर्षीची" म्हणजे कोणती? त्यात जून-जुलैची मासेमारीबंदी. नेमके दोन महिने आलेखात भगदाड. आणि जाळं काही सगळ्यांना सारखं धरत नाही. ट्रॉलच्या आसातून (जाळ्याच्या भोकांतून) वीतभरही नसलेली पिल्लं निसटतात, डोलीत, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, तीच पिल्लं भरून येतात. कुठल्या जाळ्यातला मासा मोजला त्यावर तुमचा आलेख.

मोठ्या, दीर्घायुषी शार्कांना तर ही पद्धत लागूच पडत नाही. वयात आल्यावर ते वर्षाला दोन-चार सेंटीमीटर वाढणार. पंधरा वर्षांचा आणि पंचवीस वर्षांचा एकाच उंचवट्यात.

---

आकडेमोड

पटलं. जे लोक पुढे वाचायला जातील त्यांच्यासाठी: वय-लांबीचे आकडे हातात आले की त्यातून व्हॉन बर्टलान्फीची वक्ररेषा काढतात, म्हणजे वयाबरोबर लांबी कशी वाढत जाते ते दाखवणारी रेघ. त्यात "के" नावाचा एक आकडा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी "वाढीचा वेग" म्हणून छापलेला दिसतो. तसा तो नाही. मासा आपल्या शेवटच्या लांबीच्या जवळ किती लवकर पोचतो, त्याचं ते माप आहे. छोट्या मुशीचा "के" मोठा असेल आणि तरी पहिल्या वर्षात सेंटीमीटरमध्ये मोजलं तर मोठ्या शार्कचं पिल्लूच जास्त वाढलेलं असेल. दोन जातींचे "के" नुसते शेजारी ठेवून "ही जलद वाढते" म्हणणाऱ्यांपासून सावध.

शार्कवाले त्या समीकरणात एक चांगली गोष्ट करतात. लांबी शून्य असताना वय किती असला काल्पनिक आकडा वापरण्याऐवजी जन्माच्या वेळची लांबी घालतात. ती पोटातल्या पूर्ण वाढलेल्या पिल्लांवरून थेट मोजता येते.

---

नुसता_वाचक

खवचटपणा नाही, खरंच विचारतो. वर्षाला एकच पट्टा-जोडी पडते हे कशावरून? समुद्राखाली कॅलेंडर टांगलंय का?

---

खारं_पाणी

@नुसता_वाचक, तुम्ही मूळ दुखण्यावरच बोट ठेवलंत.

पडताळायचे रस्ते आहेत. साधा रस्ता: वर्षाच्या प्रत्येक महिन्यातले मणके घ्यायचे आणि सगळ्यात बाहेरचा, अर्धवट झालेला पट्टा किती रुंद आहे ते बघायचं. वर्षात एकदाच तो शून्यावर येऊन पुन्हा वाढू लागला तर वर्षाला एक. छोट्या, भराभर वाढणाऱ्या जातींत हे दिसतं. म्हाताऱ्या माशात बाहेरचे पट्टे इतके दाटीने असतात की रुंदी मोजणं हा अंदाजपंचे प्रकार होतो.

पक्का रस्ता: जिवंत शार्क पकडून त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन द्यायचं, किलोमागे २५ मिलिग्रॅम. आपल्या औषधाच्या दुकानात मिळतं त्याच घराण्यातलं प्रतिजैविक. ते त्या दिवशी साठणाऱ्या कॅल्शियमबरोबर मणक्यात जाऊन बसतं आणि अतिनील दिव्याखाली पिवळसर चमकतं. बिल्ला लावून मासा सोडायचा. काही वर्षांनी तोच मासा कुणाच्या जाळ्यात आला आणि त्या माणसाने मणके परत पाठवले, तर चमकत्या रेघेच्या बाहेर किती पट्टे पडले ते मोजायचं. तीन वर्षांनी तीन दिसले की झालं. अडचण एवढीच की सोडलेले बहुतेक शार्क पुन्हा भेटत नाहीत, आणि जे भेटतात ते सहसा तरुण असतात आणि लवकर भेटतात.

आणि काही जातींत उत्तर चक्क "नाही" असं आलंय. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एंजल शार्कमध्ये पट्टे काळाप्रमाणे पडत नाहीत, शरीर वाढेल तसे पडतात. नीट खाऊपिऊ घातलेल्या माशाला जास्त. बास्किंग शार्कमध्ये तर एकाच माशाच्या मानेजवळच्या आणि शेपटीजवळच्या मणक्यांवर पट्ट्यांची संख्या वेगळी येते. आता त्याचं वय कुठल्या मणक्याला विचारायचं?

---

चेसापीककर

गेली बरीच वर्षं व्हर्जिनियात आहे, कामाने नव्हे पण हौसेने या विषयाच्या मागे. आमच्याकडचा चेसापीक उपसागर म्हणजे सँडबार शार्कचं बाळंतघर. उन्हाळ्यात माद्या येऊन पिल्लं घालतात, पिल्लं थंडी पडेपर्यंत इथेच. या शार्कची गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्कची मासेमारी एकदम वाढली. मांस होतंच, पण खरा पैसा पंखांत, आणि सँडबारचा पाठीवरचा पंख उंच, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. संख्या कोसळली. किती पकडलं तर चालेल हे ठरवायला वय हवं, वयासाठी मणके. मणक्यांनी वय सांगितलं, पण कमी सांगितलं. २०११ साली अणुचाचण्यांच्या कार्बनवरून तपासलं तेव्हा दिसलं की हा मासा तिशी ओलांडतो आणि मोठेपणी मणक्यांवरून वाटतं त्याहून सावकाश वाढतो. मासेमारी मात्र त्याआधीच, २००८ मध्ये, संशोधनाच्या परवान्यापुरती उरली होती.

कार्बनची पद्धत अफलातून आहे. १९५०-६० च्या दशकांत वातावरणात अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. तो समुद्रात उतरला, प्लवकांतून लहान माशांत, लहान माशांतून शार्कच्या अंगात. मणक्यात एकदा बसलेला थर पुन्हा बदलत नाही. मणक्याच्या गाभ्यातला कार्बन मोजला की मासा त्या चाचण्यांच्या आधी जन्मला, चढत्या काळात जन्मला की नंतर, हे कळतं. प्रवाळ आणि माशांचे कानातले खडे यांच्यावरून त्या काळाचा तक्ता आधीच तयार आहे, त्याच्याशी ताडून बघायचं.

सँड टायगर शार्कमध्ये अशाच तपासणीत पट्टे दशकभर मागे निघाले. मासा चाळिशीपर्यंत जातो. आणि ग्रेट व्हाइट! २०१४ मध्ये इथल्याच समुद्रातल्या एका नराचं वय ७३ निघालं. त्याआधी कोणी पंचविशीच्या फार पुढे जायला तयार नव्हतं.

---

बोंबील_फ्राय

७३!! म्हणजे ज्येष्ठ नागरिक होऊन तेरा वर्षं झालेली.

---

नुसता_वाचक

पण मग पट्टे कमी का? पडायचे थांबतात की मोजणाऱ्याला दिसत नाहीत?

---

खारं_पाणी

दोन्ही शक्य आहे. वाढ जवळजवळ थांबली की नवा पट्टा केसाहून बारीक पडतो आणि कडेशी चिकटून जातो, किंवा पडतच नाही. मणक्याचं काम शरीराला आधार देणं आहे, वर्षांचा हिशेब ठेवणं नाही. शरीर वाढायचं थांबलं तर तो तरी कशाला वाढेल?

पोरबीगल नावाच्या शार्कचं उदाहरण बघा. उत्तर अटलांटिकमध्ये त्याचे पट्टे २६ वर्षांपर्यंत कार्बनशी तंतोतंत जुळले. तोच मासा न्यूझीलंडच्या समुद्रात: विशीपर्यंत ठीक, पुढे पट्टे मागे पडले. तिथे तो पासष्टीपर्यंत जगत असावा असा अंदाज निघाला. एका समुद्रात पडताळलेली पद्धत दुसऱ्या समुद्रात डोळे मिटून वापरता येत नाही. आपल्याकडे हे फार होतं. अटलांटिकमधला "के" उचलायचा आणि अरबी समुद्राच्या तक्त्यात बसवायचा. मला त्याचा राग येतो, पण मणक्यांना पैसे कोण देणार हाही प्रश्न आहेच.

२०१८ मध्ये असे पडताळे एकत्र करून पाहिले गेले. शार्क आणि पाकटांचे ५३ समूह तपासले, त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांत वय कमी मोजलं गेल्याची चिन्हं होती. आणि चूक बहुतेक एकाच बाजूला, म्हणजे म्हाताऱ्यांना तरुण ठरवण्याकडे. दोन मोजणाऱ्यांचं एकमत झालं की लोक खूश होतात, पण दोघंही तीच चूक करत असतील तर एकमत होणारच.

---

आकडेमोड

या चुकीची किंमत काढून बघितली. एखादी जात जास्तीत जास्त किती जगते त्यावरून तिचा नैसर्गिक मृत्युदर काढायचं एक सूत्र आहे, २०१५ सालचं, दोनशेहून जास्त जातींच्या आकड्यांवरून बसवलेलं. त्यात कमाल वय २० घातलं तर दर ०.३१५ येतो: मासेमारी नसतानाही वर्षाला साधारण २७ टक्के मरणार. कमाल वय ४० घातलं तर दर ०.१७, म्हणजे १५ टक्के.

जितके आपोआप मरतात तितकी नवी भर पडते असं धरूनच पकडीचा आकडा ठरतो. वय अर्धं मोजलं की कागदावर मासा जवळजवळ दुप्पट वेगाने भरून निघणारा दिसतो. कोट्याचा आकडा मग त्याच प्रमाणात फुगतो. वयात दहा-वीस वर्षं इकडेतिकडे, त्यात काय एवढं, असं वाटणाऱ्यांसाठी.

---

शिंपला

छान चाललाय धागा. व्हेल शार्कचं ऐकलं होतं, तेही अणुबॉम्बवरून काढलं ना? आणि तो ग्रीनलँडवाला ४०० वर्षांचा, ती थाप आहे का?

---

चेसापीककर

व्हेल शार्क: हो, २०२० मध्ये. मजा म्हणजे मणके एका शार्कचे आपल्याच शेजारून, पाकिस्तानातून, दुसऱ्याचे तैवानमधून, दोन्हीकडचे जपून ठेवलेले. पाकिस्तानातली मादी दहा मीटरची, मृत्यूच्या वेळी ५० वर्षांची. तिच्यात पट्टे वर्षाला एक असेच निघाले.

ग्रीनलँडचा शार्क थाप नाही. त्याचे मणके इतके मऊ की पट्टेच नाहीत, म्हणून डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातला कार्बन मोजला. २०१६ साली सगळ्यात मोठ्या मादीचं वय आलं ३९२, पण अधिक-उणे १२०. खालच्या टोकाचं २७२ वर्षं धरलं तरी पुरे.

---

बोंबील_फ्राय

३९२ धरलं तर शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची!

---

दर्यावरचा

सगळं वाचलं. आता माझा प्रश्न. एवढं कळून बंदरावर काय करायचं? आम्हाला सांगतात पिल्लं पकडू नका. जाळ्यात येताना ती कपाळावर लिहून येत नाहीत. आणि ट्रॉलमधून वर आलेली मोरी बहुतेक मेलेलीच असते, परत टाकून फायदा काय?

---

खारं_पाणी

@दर्यावरचा, रास्त प्रश्न. चपट्या तोंडाच्या मुशीचं म्हणाल तर ती एक-दोन वर्षांत वयात येते, सारखी विते, थोडा फार मार सोसते. तिच्यासाठी आसाचा आकार आणि किमान लांबी हे उपाय कामाचे आहेत. व्हेल शार्क २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे, तिथे वयाचा प्रश्नच येत नाही, जाळं कापून सोडायचा.

गोची मधल्यांची आहे. ब्लॅकटिप, बुल शार्क, हातोडीच्या डोक्याचे. हे वयात यायलाच बरीच वर्षं घेतात. गणितं करून पाहिलं तर अशा जातींत संख्या सगळ्यात जास्त कशावर हलते? तान्ह्या पिल्लांवर नव्हे, आणि एखाद्या मोठ्या मादीवरही नव्हे. पिल्लूपण संपलेलं पण अजून एकदाही न व्यालेली, चार-साडेचार फुटांची जी पोरं असतात, ती जगतात की नाही यावर. आणि बाजारात त्याच मापाला भाव चांगला. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही.

---

दर्यावरचा

हां, ते माप सगळ्यांनाच हवं असतं. हॉटेलवाले तर आधी सांगून ठेवतात.

मी एक करू शकतो. आमच्या जेटीवर मोठी मोरी आली की फोटो आणि लांबी लिहून ठेवीन. मणके मिळणार नाहीत, ते गिऱ्हाइकाच्या कालवणात जातात. लांबी कुठून कुठे घ्यायची?

---

खारं_पाणी

मासा सपाट फळीवर पोटावर ठेवा. तुंडाच्या (तोंडापुढच्या निमुळत्या भागाच्या) टोकापासून शेपटीच्या वरच्या पात्याच्या टोकापर्यंत, शेपटी अंगाच्या रेषेत सरळ ओढून. टेप पाठीच्या फुगवट्यावरून नेऊ नका, फळीवरून सरळ न्या, नाहीतर मोठ्या माशात बराच फरक पडतो. दुसरं माप शेपटीच्या बेचक्यापर्यंत घ्या, कारण पात्याचं टोक पुष्कळदा तुटलेलं असतं. कुठलं जाळं, किती खोल (किती वाव) पाण्यात, नर की मादी, हेही लिहा. मादी असेल आणि तिथेच कापली तर पोटात पिल्लं किती आणि केवढी. आणि उताणी करून बेंबीचा एक फोटो.